गरम प्लग

पाचोऱ्याच्या कृषी प्रदर्शनात जुना ट्रॅक्टर न्यायचा, असं बन्सीलाल आबांनी ठरवलं, तेव्हा तो सतरा वर्षं गोठ्यामागे उभा होता. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचा, त्या जमान्यातला. रंग दिला, टायर बदलले. चारही स्पार्क प्लग मात्र गंजून गेले होते.

आबा जळगावला प्रेमराजच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले.

"आबा, आटे जुळतील असे देतो," प्रेमराज म्हणाला, "पण प्लग थंड हवा की गरम? जुना काढल्यावर कसा दिसायचा? काळा, की विटकरी?"

आबांना ते ठाऊक नव्हतं. तीस वर्षं ट्रॅक्टर त्यांनी चालवला होता. पण प्लग काढणं, घासणं, बसवणं सगळं बायकोकडे, केसरबाईकडे. तिची बोटं बारीक, म्हणून लग्नानंतर त्यांनीच तिला ते काम शिकवलं होतं. विचारायला म्हणून घरी फोन करणं त्यांना कमीपणाचं वाटलं. "दे कोणतेही," ते म्हणाले.

घरी येऊन प्लग बसवले. इंजिन खोकलं, काळा धूर सोडून बंद पडलं. तीनदा तसंच झालं.

केसरबाई ओट्यावरून गुडघे धरत उतरल्या. त्यांनी एक प्लग काढायला लावला आणि त्याच्या टोकावरून बोट फिरवून वास घेतला.

"हाई थंड पलग शे. आपलं इंजिन तेल पेस. गरम पलग लागी."

दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा जळगावला गेले आणि तेल पिणाऱ्या इंजिनाची काजळी जाळून टाकणारे गरम प्लग घेऊन आले. पहिल्याच झटक्यात इंजिन धडधडू लागलं. आबांना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांना एक जुनी सकाळ आठवली.

तेव्हा केसर विशीतली होती. प्लग बसवून झाल्यावर ती सीटवर चढून बसली होती, दोन्ही हात स्टेअरिंगवर. "एकदा मी चालाडू?" तिनं विचारलं होतं. समोर मजूर उभे होते. आबा म्हणाले होते, "उतर. बाई बसली तर ट्रॅक्टर रुसेल." सगळे हसले. ती उतरली. पुढेही दर आठवड्याला प्लग घासत राहिली, पण सीटला तिनं परत हात लावला नाही.

आबा खाली उतरले. "केसर, ये. तू चालाड. मी बाजूले उभा राहस."

केसरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं.

"आते नही व्हवाव. पाय वर जात नही." मग म्हणाल्या, "तवय बसनू व्हतू ना मी."

इंजिन चालूच होतं.

प्रदर्शनात त्यांच्या ट्रॅक्टरला पहिलं बक्षीस मिळालं. माईक हातात आला तेव्हा आबांनी सांगून टाकलं, "ह्या इंजिनाची खरी जाणकार माझी घरवाली, केसरबाई." टाळ्या वाजल्या. लोकांनी विचारलं, "कुठे आहेत त्या?" ती घरी होती. तिला गाडीत बसवून आणायचं आबांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी तिला सगळं सांगितलं. नाव घेतल्याचं दोनदा सांगितलं. केसरबाई तूर निवडत होत्या.

"बरं जायनं," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

आबा ओट्यावर बसून राहिले.