रिकाम्या खणांतले बिबडे

असोद्यात केळीच्या गोडाऊनमध्ये उभं असलेलं ते कपाट म्हणजे हितेंद्रचा जीव होता. फ्रिजएवढं कपाट, आठ खण, एकेका खणात एक सर्व्हर, म्हणजे सतत चालणारा मोठा संगणक. काम वाढलं की नवा सरकवायचा. त्याच्यासाठी त्यानं पुण्याची नोकरी सोडली होती. आज धुळ्याहून, कपाट देणाऱ्या कंपनीच्या ऋतिका मॅडम तपासायला येणार होत्या. आतली हवा पस्तीस डिग्रीच्या वर गेली की कपाट परत, आणि हितेंद्रही परत पुण्याला. "आता इथंच राहणार" असं गावभर सांगून झालं होतं.

सकाळी आकडा बघितला तर सव्वीस. एवढा खाली कधीच नव्हता. खुशीत त्यानं कपाटाचं दार उघडलं. चार खणांत सर्व्हर, आणि चार रिकाम्या खणांत ज्वारीचे बिबडे, ते जाड पापड, गच्च कोंबलेले.

"काकू, हे काय?"

"आभाळ आलं ना रे, वाळतीन कुठं?" मागून आलेली सुनंदाकाकू म्हणाली. "पोरीकडे धाडायचे हायेत. या खनांतून गरम वारा येत होता, तो काय वाया घालवू?"

हितेंद्रनं बिबडे भराभर उपसले. सव्वीसचे तीस झाले, तीसचे तेहतीस. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. रिकाम्या खणांची झाकणं कंपनीनं पाठवलीच नव्हती. मागची गरम हवा त्या भोकांतून पुढं यायची आणि यंत्र आपलाच श्वास परत ओढायचं. भोकं बुजवली होती ती बिबड्यांनी.

बाहेर गाडी थांबली. त्यानं बिबडे परत कोंबले, फुटलेले तुकडेसुद्धा, आणि दार लावलं.

"अठ्ठावीस? छान," मॅडम म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत बघते. कशाला हात लावू नका." आणि बाहेर खाटेवर फोनवर तो आकडा बघत बसल्या.

हितेंद्रनं मरीमायला नारळ कबूल केला. तेवढ्यात काकू आत आली, कपाटाचं दार उघडून तिनं सरळ दोन बिबडे काढले.

"काकू, ठेव ते. पाया पडतो."

"धुळ्याहून आली पोरगी, उपाशी पाठवू? भाजून देते."

"तिला भूक नाहीये."

"तुले काय मालूम? तिनंच सांगितलं."

बाहेरून मॅडमचा आवाज आला, "हितेंद्र, एकतीस झालं हो."

तो रिकाम्या खणांना पाठ लावून, हात पसरून उभा राहिला. पाठ भाजत होती.

"सरक," काकू म्हणाली. "डायवर बी हाये ना बाहेर."