दोन पानं आत

"निष्काळजी चालक" एवढं लिहून तुम्ही चौकशीवाल्यांनी हात झटकलेत. गाडीतल्या पडद्यावरचं चित्र कुणी हलवलं, याबद्दल अपघाताच्या तुमच्या अहवालात अवाक्षर नाही.

सव्वीस वर्षं काका रुग्णांची ने-आण करत होते. जुन्या व्हॅनमध्ये काचेवर वाफ धरली की त्यांचा हात आपोआप गोल बटणावर जायचा. नजर रस्त्यावरून हलायची नाही. नव्या गाडीत बटणं गेली आणि टीव्हीएवढा पडदा आला. शिकवणी म्हणाल तर मोबाइलवर दीड मिनिटाचा व्हिडिओ, खाली सही. तरी काका हटले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत उभ्या गाडीत डोळे मिटून बसायचे आणि पडद्यावर बोट फिरवायचे. बाकीचे ड्रायव्हर खिदळायचे, काका पियानो शिकतायत म्हणायचे. पण आठ दिवसांत वाफ घालवायचं चित्र बोटाला पाठ झालं. खाली, कोपऱ्यात.

मंगळवारी गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कसलीशी सुधारणा आली. तिने ते चित्र उचलून दोन पानं आत टाकलं आणि कोपऱ्यात गाणी बसवली. ड्रायव्हरांना कुणी चकार शब्द सांगितला नाही.

बुधवारी सकाळी धुकं होतं. मागे डायलिसिसला निघालेल्या आजी. काच पांढरी झाली, काकांचं बोट कोपऱ्यात गेलं आणि गाणं सुरू झालं. पुन्हा दाबलं, तर आवाज वाढला. तेव्हा कुठे त्यांनी पडद्याकडे पाहिलं. दोन सेकंद. गाडी दुभाजकावर चढली, आजींचा खांदा मोडला.

चौकशीत साहेबांनी कबुलीचा कागद पुढे सरकवला. सही केली तर ऑफिसात बसवू, नाहीतर लायसन्स जाईल, असं त्यांनी सांगितलं. वर समजूतही काढली. "काका, वय झालं की जमत नाही हो. माझा नातू बघा, चुटकीसरशी शिकतो."

"गाडी चालवता चालवता शिकतो?"

टिपणं घेणाऱ्या बाईंनी हसू दाबायला मान खाली घातली.

आजींच्या खांद्याचं काकांच्या जिवाला लागलं होतं. आपला वाटा ते नाकारणार नव्हते. पण कागदावर एकट्या त्यांचंच नाव होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"लायसन्स घ्यायचं तर घ्या. पण ते चित्र हलवायच्या आधी एका तरी ड्रायव्हरला चालत्या गाडीत बसवून बघितलं होतं? कुणी बघितलं, त्याचं नाव सांगा. मी इथेच बसलोय."