न खाल्लेली सुकेळी

इझाबेलला एका जागी बसवत नव्हतं. गोखिवऱ्याच्या त्या दवाखान्याखाली लोखंडकामाचं वर्कशॉप होतं. तिथल्या करकराटात ती दोनदा उठून पाणी प्यायली, उगाच दारापर्यंत जाऊन आली आणि पुन्हा बाकाच्या टोकावर टेकली.

"बस की जरा," तिचा नवरा ॲन्सेल्म म्हणाला. "बघूनच माझं डोकं गरगरतंय."

"तुम्हाला यायला कुणी सांगितलं होतं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. ॲन्सेल्म आला होता तो साक्ष द्यायला, आणि तीही बायकोच्या विरोधात. पापडीच्या आपल्या वाडीत तो राजेळी केळी पिकवायचा आणि उन्हाळ्यात त्यांची सुकेळी करायचा. अंगणातल्या मांडवावर सोललेली केळी वाळत पडली की सगळं घर गोड वासाने भरून जाई. अशा घरात मधुमेहाची बाई म्हणजे काय ते कुणीही समजावं. पण इझाबेलने राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होताना, देवापुढे शब्द दिला होता की ईस्टरपर्यंत गोडाचा कण तोंडात घालणार नाही. चहासुद्धा ती बिनसाखरेचा पीत होती. आणि तरीही रक्तातली साखर दर तपासणीला वर वर चढत होती.

"साखर खोटं बोलत नाही, पेशंट बोलतात," वसई स्टेशनजवळचे शुगरचे डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले होते. गोळीचा डोस त्यांनी वाढवला. ॲन्सेल्मने घरी येऊन सुकेळ्यांचा डबा कपाटात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. तीस वर्षं संसार केलेल्या बाईला चोर ठरवायला त्याला एवढंच पुरलं. त्यात इझाबेलचा चेहरा चांगला गोल गरगरीत झाला होता. शेजारची कॅथरीन कुंपणावरून म्हणाली, "उपवास मानवला हां तुला!" इझाबेलने त्या दिवसापासून कुंपणाकडे जाणंच सोडलं.

झोप उडाली होती. छाती धडधडायची. हातात घेतलेलं काम पुरं होत नव्हतं, एकीकडे भाताला आधण ठेवायची आणि दुसरीकडे अंगण झाडायला जायची. शेवटी शेवटी तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. आपण झोपेत उठून खातो की काय? कुलूप दिसत असूनही हा विचार डोक्यातून जाईना. म्हणून ती देवळात गेली आणि पापनिवेदनाच्या जाळीआड बसलेल्या फादरना सांगून मोकळी झाली, की फादर, मी शब्द मोडला, मी गोड खाल्लं. फादरनी प्रायश्चित्त म्हणून जपमाळ घेऊन एक रोझरी म्हणायला सांगितली. तिने गुडघे दुखत असताना गुडघ्यांवर बसून ती म्हटली. साखर मात्र उतरली नाही.

आता हा नवा दवाखाना. इथे आपल्या गावचं कुणी भेटणार नाही, एवढ्यासाठीच तिने तो निवडला होता.

डॉक्टर यमुना पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, केस घट्ट बांधलेल्या बाई होत्या. "या आंटी. काय काय होतंय?"

"शुगर," इझाबेल म्हणाली आणि गप्प बसली.

"आणि चोरून खाते," ॲन्सेल्मने लगेच आपलं काम केलं.

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. "औषधं कुठली चालू आहेत?"

इझाबेलने लाल पिशवी पुढे केली. तेवढ्यात ॲन्सेल्मने मांडीवरून आणखी दोन पिशव्या उचलून टेबलावर ठेवल्या. कुठली न्यायची ते न कळल्याने त्याने घरातल्या सगळ्याच आणल्या होत्या.

"त्या नाहीत! त्या दुसऱ्या डॉक्टरांच्या आहेत!" इझाबेलने निळी पिशवी ओढली.

"दुसऱ्यांच्या म्हणजे? पोट तर तुमचंच ना?" डॉक्टर म्हणाल्या. "सोडा ती."

इझाबेलने पिशवी सोडली नाही. मग तिला रडू आलं आणि रडता रडता सगळं बाहेर पडलं. पहिल्या कम्युनियनला बसणाऱ्या, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलींचे पांढरे झगे ती शिवायची. पापडीतल्या निम्म्या पोरी तिने शिवलेल्या झग्यात देवळाची पायरी चढल्या होत्या. संधिवाताने बोटं वाकडी झाली, सुई धरवेना, तेव्हा ती एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, आधी शुगर उतरवून या, मग बघू. तसंच वर्ष गेलं. थायरॉईडच्या डॉक्टरांपुढे सांध्यांचं नाव काढलं तर ते म्हणाले, त्याला तेल लावा. तेव्हा तिने कानाला खडा लावला. एका डॉक्टरापुढे दुसऱ्या दुखण्याचं नाव काढायचं नाही. विरारच्या सांध्यांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, शुगर आहे का? ती म्हणाली, नाही.

"अगं!" ॲन्सेल्मच्या तोंडून निघालं.

"त्यांनी पण परत पाठवलं असतं तर?" ती उसळून म्हणाली. "त्यांच्या गोळीने मला बोटं मिळाली. मेमध्ये कम्युनियन आहे, एवढे झगे पडलेत. ही गोळी काढून घेऊ नका हो डॉक्टर."

डॉक्टरांनी हळूच तिच्या हातातून पिशवी सोडवली. बारीक पांढऱ्या गोळ्यांचं पाकीट उजेडात धरलं, मग इझाबेलचा चेहरा निरखला. दंडावरचे निळे डाग पाहिले.

"हे स्टिरॉईड आहे, आंटी. सूज उतरवतं, म्हणून बोटं चालतात. पण साखरही हेच चढवतंय. चेहरा याच्यानेच गोल झालाय आणि ही तगमगही बहुतेक याचीच. तुम्ही कितीही उपाशी राहिला असतात तरी साखर चढलीच असती."

इझाबेल बघतच राहिली. "म्हणजे मी खाल्लं नाही?"

"ते मला काय विचारता? खाल्लंत का?"

"नाही," ती म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "नाही! एक कण नाही!"

"मग नाही खाल्लंत."

ॲन्सेल्म खालच्या फरशीकडे बघत होता. डॉक्टरांनी बजावलं की स्वतःहून एकही गोळी बंद करायची नाही, ही तर एकदम सोडली तर जिवावर बेतेल. मग दोघांच्या समोरच विरारला फोन लावला आणि बराच वेळ बोलल्या. गोळी हळूहळू उतरवायची, सांध्यांना दुसरं औषध जोडायचं, शुगरचं औषध त्याप्रमाणे बदलायचं. "झगे होतील," त्या म्हणाल्या, "थोडे सावकाश होतील. आणि पुढच्या वेळी तिन्ही पिशव्या एकात भरून आणा."

रिक्षात ॲन्सेल्मने करगोट्याची किल्ली सोडून तिच्या हातात ठेवली. तिने ती घेतली, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. राग एवढ्यावर जाणारा नव्हता, आणि का जावा?

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी ती पुन्हा जाळीपुढे बसली. बोटं अजून दुखत होती आणि साखर जेमतेम उतरू लागली होती. पण आज ती स्वस्थ बसली होती.

"फादर, मागच्या वेळी मी एक पाप सांगितलं. ते मी केलंच नव्हतं."

फादर जाळीजवळ सरकले. "मग सांगितलं कशाला, बाई?"

"सगळेच म्हणत होते, फादर. मलाच खरं वाटायला लागलं."

फादरनी घसा खाकरला. "त्याची रोझरी म्हटलीस?"

"म्हटली ना, गुडघ्यांवर. तिचंच विचारायला आलेय. ती रोझरी आता आमच्या ॲन्सेल्मकडून म्हणवून घ्या. माझ्या मागेच रांगेत उभे आहेत."