मशिनच्या खणातली वही

चर्चच्या मंडळीत शिंपीमास्तरांच्या प्रार्थनेचा मोठा बोलबाला होता. गुरुवारच्या सभेत ते डोळे मिटून उभे राहिले की पहिल्या बाकावरच्या बायका आधीच रुमाल काढून ठेवत. पाळकसुद्धा म्हणायचे, "याला म्हणतात कृपादान!" मास्तर नम्रपणे मान खाली घालायचे आणि आतल्या आत फुगायचे. खरी गोष्ट अशी की, शिलाई मशिनच्या खणात बॉबिनांखाली एक वही होती. मास्तर प्रत्येक प्रार्थना तिच्यात लिहायचे, खोडायचे, कापड बेतावं तशी बेतायचे आणि मग पाठ करायचे. यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं. लाजिरवाणं काम त्यांनी केलं ते पुढे.

शेजारची इस्त्रीवाली एकदा दुकानात आली. तिची धाकटी बहीण अंथरुणाला खिळली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते.

"मास्तर, तिला माझ्या तोंडून प्रार्थना ऐकायचीय. माझी तर दातखीळच बसते. तुम्ही कसं बोलता, तेवढं शिकवा ना."

वही हाताशीच होती. मास्तरांनी गुडघ्याने खण हळूच आत लोटला.

"ताई, हे कृपादान आहे. देव देतो त्यालाच मिळतं. शिकवून येत नाही."

"तेही खरंच," म्हणत ती निघून गेली.

बहिणीला मूठमाती दिल्यावर आठवड्याने ती उसवलेली बाही शिवून घ्यायला आली.

"शेवटी ती म्हणाली, ताई, बोल ना काहीतरी. मला एक शब्द सुचला नाही हो. नुसती तिचे पाय चोळत बसले." तिने बाही पुढे केली. "तुमचं बरोबर होतं, मास्तर. देवाने मला दिलंच नव्हतं."

चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. या बाईने मास्तरांचं खोटं देवाच्या माथी मारून स्वतःचीच समजूत घातली होती. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी खण उघडला आणि वही तिच्यापुढे ठेवली.

तिने पानं उलटली. जिकडे तिकडे काट मारलेल्या ओळी. एका पानावर ती थांबली. वर लिहिलं होतं, 'इस्त्रीवालीच्या बहिणीसाठी'. खाली एकच वाक्य पाच वेळा लिहून पाच वेळा खोडलेलं.

"म्हणजे तुम्हालाही सुचत नाही?"

"नाही सुचत, ताई. कधीच नाही. मी खोटं बोललो."

ती बराच वेळ त्या खोडलेल्या ओळींवरून बोट फिरवत राहिली.

"तेव्हा एवढंच सांगायचं होतंत ना मला," ती म्हणाली. "मीही चुकतमाकत बोलले असते."