मोठ्या बाईंचा निरोप

"बाई, कमलचं अंग चांगलंच तापलंय. आजच्या दिवस तिला घरी न्हेऊ द्या."

शेवंती मोठ्या बाईंच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होती. आत मुख्याध्यापिका राजलक्ष्मीबाई पाहुण्यांचे हार ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आज कसं जमेल, शेवंती? उर्मिलाही यायची नाही आज. गाणं दोघींचं. दोघीही नाहीत, तर पाहुण्यांसमोर कुणाला उभं करू?"

"उभं ऱ्हावत नाय तिला. फ्लूच असंल, बाई. आमच्या चाळीत घराघरात माणसं पडलीत."

"तुमच्या चाळीचं मला सांगू नकोस. एक ॲस्प्रो दे, वर गरम चहा दे. पाच मिनिटांचं गाणं आहे. ते झालं की खुशाल घेऊन जा." मग त्या म्हणाल्या, "या शाळेत तिला कुणी घेतलं, तेवढं आठव म्हणजे झालं."

ते शेवंतीला आठवावं लागत नव्हतं. गिरगावातली ही मुलींची शाळा चांगल्या घरांतल्या मुलींची. शेवंती तिथे कामाची बाई म्हणून वर्ग झाडायची, पाणी भरायची. तिच्या कमलचा गळा ऐकून मोठ्या बाईंनीच तिला फी न घेता घेतलं होतं. लालबागच्या चाळीतली पोर सातवीत पोचली होती.

सत्तावन्न सालचा जून. मे महिन्याची सुट्टी संपून शाळा उघडली ती अर्ध्या रिकाम्या बाकांनीच. ट्राममध्ये लोक नाकाला नीलगिरीचा रुमाल लावून बसत. कापडगिरणीत साचे चालवायला माणसं पुरत नव्हती. शाळा बंद ठेवा, असं सांगायला काही पालक येऊनही गेले होते. पण नव्या वर्गखोल्यांचं उद्घाटन ठरलं होतं. देणगीदार येणार होते.

कमल गायली. खांबाला पाठ टेकून गायली. शेवंती जिन्याशी उभी राहून तिच्या ओठांकडे बघत होती. टाळ्या झाल्या. देणगीदारांनी तिच्या गालाला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

त्याच आठवड्यात परळच्या इस्पितळात कमल गेली. ताप छातीत उतरला, असं डॉक्टर म्हणाले.

आणि लगेच शाळेला सुट्टी लागली. साथ आटोक्यात येईपर्यंत सगळ्या मुलींनी घरी राहायचं. नुकती शाळा सुरू झालेली, त्यात पुन्हा सुट्टी. गिरगावातल्या गॅलऱ्या पोरींच्या सागरगोट्यांनी भरून गेल्या. शेवंतीला मात्र बोलावणं आलं. बाकं फिनेलनं पुसून घ्यायची होती. सातवीच्या वर्गात ती एका बाकाशी आली, तेव्हा तिनं फडकं खाली ठेवलं, ते बाक हातानंच पुसलं आणि पुढे गेली.

काम झाल्यावर किल्ल्या द्यायला ती मोठ्या बाईंच्या घरी गेली. राजलक्ष्मीबाईंनी लग्न केलं नव्हतं. भाऊ अच्युतराव दिल्लीला नोकरीत. त्यांची आई नसलेली मुलगी बाईंनीच वाढवली होती. तीच ही उर्मिला. दार तिनंच उघडलं. कमलचं नाव निघताच तिचे डोळे भरले.

"मावशी, मला भेटायलापण नाही दिलं."

"तुझा ताप उतरला काय गं?" शेवंतीनं विचारलं.

"मला कुठे ताप होता? आत्या म्हणाली, दिवस वाईट आहेत, आज त्या गर्दीत जायचं नाही. म्हणून घरी ठेवलं."

शेवंतीनं किल्ल्या तिच्या हातात दिल्या. जिना उतरताना कठडा तिनं असा धरला, की हाताला वळ उठले.

घरी तिनं नवऱ्याला, दौलतला सांगितलं. दौलत गिरणीत साच्यावर होता आणि मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्या समितीच्या मोर्च्यांत पुढे असायचा. लाठी खाऊन त्याच्या कोपराचं हाड कायमचं वाकडं झालं होतं. तो म्हणाला, "सोड ती नोकरी. उद्यापासून जाव नको थंय."

"मी खंय जावचंय नाय," शेवंती म्हणाली. "तिच्या डोळ्यांसमोर रवतलंय. रोज."

शाळा पुन्हा उघडली, त्या दिवशी प्रार्थनेनंतर मोठ्या बाईंनी कमलला श्रद्धांजली वाहिली. म्हणाल्या, "गुणी मुलगी होती. घरच्यांनी आजार लपवून तिला शाळेत पाठवलं नसतं, तर ती आज आपल्यात असती. आपण सर्वांनी यातून धडा घ्यावा." ओळींत उभ्या असलेल्या मुलींनी मागे वळून शेवंतीकडे पाहिलं. तिच्या हातात पाण्याची कळशी होती. तिनं ती खाली ठेवली नाही, सांडलीही नाही.

त्या दिवसापासून तिनं मोठ्या बाईंशी बोलणं टाकलं. काम एकही टाकलं नाही. पाणी मागितलं की भरलेला पेला आणून टेबलावर ठेवायची आणि बाई तो उचलून तोंडाला लावीपर्यंत समोर उभी राहून बघायची. काही दिवसांनी बाई पाणी मागेनाशा झाल्या. घरून फिरकीचा तांब्या आणू लागल्या. शेवंतीनं तो तांब्या पाहिला, आणि त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

बाईंनी एकदा दुर्गाबाईंना सांगितलं, "शेवंतीला खालच्या मजल्यावर टाका." दुर्गाबाई वरिष्ठ शिक्षिका होत्या. त्यांनी विचारलं, "कारण काय सांगू तिला?" शेवंती वरच राहिली. बाई खोलीतून बाहेर आल्या की समोरच्या पॅसेजमध्ये ती असायची, हातात झाडू घेऊन, त्यांच्याकडे बघत. बाईंच्या खोलीचं दार दिवसा लोटलेलं राहू लागलं.

साठ सालच्या एप्रिलअखेर राजलक्ष्मीबाई निवृत्त झाल्या. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राचं राज्य जन्माला येणार होतं. रस्त्यारस्त्यावर पताका लागल्या होत्या. शाळेचा हॉल त्याच उत्साहात सजवला होता. दुर्गाबाई शेवंतीला म्हणाल्या, "शिपायांच्या नि बायांच्या वतीनं हार तू घालशील? सगळ्यांत जुनी तू."

"घालीन की," शेवंती म्हणाली.

संस्थेचे अध्यक्ष मनमोहनराव बराच वेळ बोलले. शेवटी म्हणाले, "तो फ्लू आठवा. अशा साथीतसुद्धा बाईंनी एकेका मुलीला पोटच्या पोरीसारखं जपलं." टाळ्या पडल्या. मग शेवंतीचं नाव पुकारलं गेलं.

ती व्यासपीठावर चढली. बाईंनी मान पुढे केली. शेवंतीनं हार टेबलावर ठेवला आणि मायक्रोफोनशी गेली.

"मी शेवंती. कमलची आई. ह्याच हॉलमधी गायली होती ती, अंगात ताप घेऊन." ती बाईंकडे वळली. "बाई, ती तापलीय म्हणून मी तुम्हांला सांगितलं होतं, का नव्हतं?"

मनमोहनराव उठले. "अहो बाई, ही वेळ आहे का?"

"मग कुठली वेळ, साहेब? उद्या बाई शाळेत नसणार. आजार लपवला म्हणाल्या. भर शाळेत म्हणाल्या. ते खोटं हाय, एवढंच त्यांनी सांगायचं. मग घालते हार."

"तू म्हणाली होतीस काहीतरी," राजलक्ष्मीबाई पुटपुटल्या. "पण इतका ताप असेल असं मला... त्या दिवसांत कुणालाच नीट..."

"आत्या."

नववीच्या रांगेतून उर्मिला उभी राहिली होती. "आत्या, मग मला का घरी ठेवलं होतंस? मला तर काहीच झालं नव्हतं."

"उर्मिला, खाली बस."

"तू म्हणालीस, त्यांनी आजार लपवला. मी तिच्यावर रागावले होते, आत्या. मला का नाही सांगितलं तिनं, म्हणून. आत्तापर्यंत रागावलेली होते."

राजलक्ष्मीबाईंनी टेबलाची कड धरली. कुणाकडेही न बघता त्या म्हणाल्या, "सांगितलं होतं. शेवंतीनं मला सांगितलं होतं." मायक्रोफोन चालूच होता. मागच्या गॅलरीपर्यंत ऐकू गेलं.

शेवंतीनं हार उचलला आणि त्यांच्या गळ्यात घातला. नीट, दोन्ही बाजू सारख्या करून घातला. इतक्या जवळून तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"ह्यो कमलचा," ती हळूच म्हणाली. "सांभाळा."

समारंभ तसाच मोडला. पायऱ्या उतरताना बाईंनी सवयीनं उर्मिलाच्या खांद्यासाठी हात पुढे केला. उर्मिला बाजूला झाली आणि एकटी फाटकाबाहेर निघून गेली. बाई हवेतला हात कुठे ठेवावा हे न कळून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. शेवंतीनं ते सगळं बघितलं. नजर वळवावी असं तिला वाटलं नाही. तिला आनंद झाला, आणि तो तिनं स्वतःपासूनही लपवला नाही.

लालबागला ती पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. दौलत चाळीच्या तोंडाशी पताका बांधत होता. तिचा चेहरा बघून तो स्टुलावरून खाली उतरला.

"काय झाला?"

"खरा बोलली ती. सगळ्यांसमोर."

दौलतनं हातातली पताकांची दोरी खाली ठेवली. "बरा केलंस," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दिवस वर आला, नळाचं पाणी जायची वेळ झाली, तरी शेवंती उठली नाही. कमल गेल्यापासून पहाटेआधी तिचा डोळा उघडायचा. आज ती भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन गाढ झोपली होती. दौलतनं पाणी भरलं. स्टोव्ह न पेटवता खालच्या हॉटेलातून चहा आणला आणि झाकून ठेवला.

उन्हं गॅलरीत आली तेव्हा खाली ढोल वाजू लागले. गुलालानं माखलेला कोंडीराम पोरांची टोळी घेऊन चौकात आला होता. त्यानं वर बघून हाक मारली, "अरे दौलत! मुंबई मिळाली आपल्याक, नि तू घरात? वयनीक घेऊन ये खाली!"

दौलतनं कठड्यावरून वाकून ओठांवर बोट ठेवलं.

"कोंडीराम, जरा पुढं जाऊन वाजवा रे," तो म्हणाला. "ती निजली हा."

कोंडीरामानं ढोलावरचा हात थांबवला. वर बघितलं, मग मागच्यांना खूण केली. ढोल काखेत धरून ती सगळी माणसं पुढच्या चाळीपर्यंत न वाजवता गेली.