सैल सोड, सुकन्या!

मी बायोफीडबॅकचं मशीन बोलतोय. नाव ऐकून दचकलात ना? दचकू नका. मला सुई नाही, पातं नाही, मी कुणाला टोचत नाही. मी फक्त दाखवतो. पण जे दाखवतो ते शंभर टक्के खरं!

कारखान्यात माझ्या पोटात तारा भरल्या, पडदा बसवला आणि खोक्यात घालून मला हिंगोलीला धाडलं. तेव्हापासून मी राणी मॅडमच्या दवाखान्यात आहे. त्या लहान मुलांना स्नायूंचे व्यायाम शिकवतात. ज्या लेकरांची लघवी-संडास वेळेवर होत नाही, नाहीतर नको तिथं होते, ती माझ्यासमोर बसतात. मॅडम अंगाला चिकट पट्ट्या लावतात. लघवी अडवणारे स्नायू आवळले की माझ्या पडद्यावरचं विमान वर जातं, सैल सोडले की खाली उतरतं. एवढं सोपं आहे माझं काम.

पण सुरुवातीला मला कोण विचारतंय! "टीव्ही बघून कुठं मुतणं थांबत असतं का?" म्हणत लोक चालू लागायचे. मी आपला फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेला. असा राग यायचा! अरे, एकदा बघा तरी!

मग एका उन्हाळ्यात हट्टा गावाच्या पुढच्या एका वाडीहून सत्यभामाबाई आल्या, लेक सुकन्याला घेऊन. घरी शेळ्या-मेंढ्या आणि थोडी शेती. सुकन्यानं पाचवीची परीक्षा दिली होती. पोरगी हुशार, निवासी शाळेत नंबर लागलेला. जूनमध्ये जायचं होतं. पण दिवसा कपडे ओले, रात्री अंथरूण ओलं आणि संडासला चार-चार दिवस पत्ता नाही. मोठ्या डॉक्टरांनी सगळं तपासून, पोट साफ व्हायचं औषध देऊन तिला आमच्याकडं पाठवलं होतं.

"मुद्दाम करून राहिली, मॅडम," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मारून झालं, अंगारा लावून झाला. तिथल्या पोरी हिला जगू देतील का? हे थांबलं न्हाई तं मी न्हाई धाडायची शाळेत."

सुकन्याची मान जी खाली गेली, ती वर येईना.

पट्ट्या लागल्या. मॅडम म्हणाल्या, "सैल सोड बरं." विमान सुसाट वर!

"सोडलंय की," सुकन्या पुटपुटली.

"जोर लाव, जोर!" आई ओरडली. विमान आणखी वर.

मॅडमनी माझ्या पडद्यावर बोट ठेवलं. "ताई, इकडं बघा. हिला वाटतंय सोडलं, पण आतून सगळं आवळलेलंच आहे. त्यामुळं लघवी पुरी होत नाही आणि उरलेली गळते. ती मुद्दाम नाही करत." मग सुकन्याला विचारलं, "शाळेत जातेस का गं लघवीला?"

"न्हाई. तिथं कुलूप असतंय. आई म्हणती, घरी येईपर्यंत आवरून धर. मी धरते बराबर."

सत्यभामाबाईंचा चेहरा उतरला. लेकीच्या तोंडावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "मीच शिकवलं गं बाई. अन् मीच मारलं." त्या रडायला लागल्या. लोखंडाचा असलो तरी मला फार वाईट वाटलं.

मॅडमनी त्यांना पाणी दिलं. मग हळूच विचारलं, "सुकन्या, घरी शेळ्या कोण पिळतं?"

"मीच."

"एखादी पान्हा चोरते का, दूध आतच धरून ठेवते?"

"व्हय, बांडी शेळी लई चोरती."

"मग ओढतेस?"

"छ्या! वढलं तं लाथ मारती. तिला टेकून बसायचं, कास चोळायची, गप राहायचं. मग सोडती ती आपोआप."

"आता स्वतःसाठी तशीच गप बस."

सुकन्यानं लांब श्वास सोडला. विमान थरथरलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं आणि मग टेकलं.

"उतरलं!" ती एवढ्यांदा ओरडली की बाहेर बसलेली माणसं आत डोकावली.

लगेच सगळं बरं झालं असं समजू नका हं. पुढे कित्येकदा विमान वरच घिरट्या घालायचं आणि सुकन्या माझ्यावर डोळे वटारायची. घरी संडासला घाई न करता निवांत बसणं, दिवसभर पाणी पिणं, ठरल्या वेळी जाणं, हे सगळं तिनं केलं. सत्यभामाबाईंनी हात उगारणं सोडलं. हळूहळू कपडे कोरडे राहायला लागले, मग अंथरूणही. जूनमध्ये पोरगी पेटी घेऊन शाळेत गेली.

आता मला उसंत नाही. पार कनेरगाव नाक्याहून लेकरं येतात. त्यांच्या आईबापांना माझं हात जोडून सांगणं आहे: लेकराला मारायच्या आधी त्याला काय होतंय ते बघा. लाज कसली त्यात? आणि आवरून धरायला तर अजिबात शिकवू नका.

परवा सुकन्याचा फोन आला. मॅडमनी तो माझ्या शेजारीच ठेवला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मॅडम, अंथरूण रोज कोरडं हाय! काल तासाला लघवी लागली, तं सर म्हणले सुट्टीपर्यंत थांब."

मॅडमच्या कपाळावर आठी पडली. "मग गं?"

"मग काय! न्हाई थांबत म्हणलं, अन् गेले."