शेवटच्या गणिताशेजारची फुली

माझी भावजय हॉस्पिटलात झाडलोट करते. अकरा वर्षं झाली, पण अजून रोजंदारीवर. यंदा साहेबांनी सांगून टाकलं, दहावी पास झालात तर कायम करू, नाहीतर दुसरीकडे काम बघा. बाकीचे विषय तिने लग्नाआधीच काढले होते. राहिलं होतं एकटं गणित, आणि ते वीस वर्षं तिच्या मानगुटीवर बसलं होतं.

पहिले पंधरा दिवस बाईंचा उत्साह काय विचारता! नवी वही, नवं पेन. मग सुरू झाली टाळाटाळ. पुस्तक उघडलं की तिला घासायचे डबे आठवत. एकदा तर माझी कात्र्यांची पेटीच पुसायला घेतली. मी शिलाई मशीनवरून ओरडले, "अगं, परीक्षा त्या पेटीची आहे का?"

"वन्सं, मनच लागत नाही हो," ती रडकुंडीला आली. "एक प्रकरण संपलं की पुढचं उघडायला हात धजत नाही."

मला गणितातलं ओ की ठो कळत नाही. सातवीत शाळा सोडली आणि शिवणकाम धरलं. पण काम अंगावर आलं की काय करायचं, ते मला कळतं. संध्याकाळी उठताना मी शिलाई कधी पुरी करत नाही. बाहीच्या निम्म्यावर थांबते आणि सुई कापडात तशीच रुतवून ठेवते. सकाळी आलं की विचार करायचा नाही, सरळ पाय मारायचा. मी तिला म्हटलं, "रोजचं शेवटचं गणित अर्ध्यावर सोड. कितीही सोपं असू दे. शेजारी फुली मार आणि ऊठ."

"जिवाला चैन तरी पडेल का?"

"पडू नये म्हणूनच सांगतेय!"

आणि लागू पडलं हो! कामावर जायच्या आधी ती माझ्या मशीनशेजारी स्टूल ओढून बसायला लागली. कालचं अर्धं पुरं करता करता पुढची चार व्हायची. कंटाळा काही गेला नाही. रोज तोंड वाकडं करूनच बसायची, पण बसायची.

परीक्षेच्या दिवशी मी शाळेच्या फाटकाशी उभी होते. ती हसत बाहेर आली. "सगळी सोडवली, वन्सं!" माझा जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर ती अंघोळीला गेली आणि मी सहज तिच्या पिशवीतून प्रश्नपत्रिका काढली. मला त्यातलं काय कळणार, तरी नजर फिरवली. प्रत्येक गणितावर सोडवल्याची खूण होती. फक्त शेवटच्या गणिताशेजारी फुली.

सवयीनं अर्ध्यावर सोडून उठली होती! आणि ही सवय लावली कुणी? मी, दीडशहाणीनं. कागद होता तसा पिशवीत सरकवला आणि चहा टाकायला गेले.

निकालापर्यंत मला अन्न गोड लागेना. पित्त झालंय म्हणून सांगितलं. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. ती मात्र गुणगुणत भांडी घासायची. मला वाटायचं, बिचारीला पत्ताच नाही.

शेवटी निकाल लागला. ती फोन नाचवत माझ्या शिलाईच्या दुकानात शिरली. "छत्तीस! वन्सं, काठावर पास!"

"शेवटचं पुरं केलं असतंस तर चाळीस मिळाले असते, गधडे!" बोलून गेले आणि जीभ चावली.

तिने फोन खाली घेतला. "तुम्हाला माहीत होतं?"

"फुली दिसली मला."

"म्हणजे ते पित्त..."

"कसलं पित्त न् कसलं काय! पण तुला कधी कळलं?"

"पेपर देऊन जिना उतरताना. दहा मिनिटं उरली होती हो. हातानं आपसूक फुली मारली आणि उठले."

"आणि तरी हसत आलीस?"

"तीन तास उन्हात उभ्या होतात तुम्ही," ती म्हणाली. "नापास झाले असते ना, तरी सांगणार नव्हते. म्हटलं असतं, माझ्याच डोक्यात काही शिरत नाही."

नोकरी गेली असती, अकरा वर्षं पाण्यात गेली असती, आणि ही बया सगळा दोष स्वतःवर घेऊन माझ्यासमोर भांडी घासत बसली असती. मी तिला जवळ ओढलं आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, हमसून हमसून रडले.